केंडलहून परत आलेलं जॅकेट

आमच्या केझिक गावात एक रीत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळे पाळतात. घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे गावातल्या, जुने कपडे विकणाऱ्या धर्मादाय दुकानात द्यायचे नाहीत, लांबच्या गावी नेऊन द्यायचे. नाहीतर महिन्याभरात नवऱ्याचा कोट भर बाजारात समोर उभा राहतो, आणि आत भलताच कुणीतरी असतो.

म्हणून माझी मैत्रीण नोरीन हिनं नवऱ्याच्या, म्हणजे गॉर्डनच्या, डोंगरावर न्यायच्या सगळ्या वस्तू केंडलला पोचवल्या होत्या. बूट, पाठपिशव्या, लाल जॅकेट. गॉर्डन फेब्रुवारीत ब्लेन्काथ्रा डोंगरावर पाय मोडून अडकला आणि थंडीनं गेला. अंगात नुसता स्वेटर. चाळीस वर्षं डोंगर तुडवलेला माणूस जॅकेट घरी ठेवून गेलाच कसा, यावर गावानं भरपूर तोंड चालवलं. त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू.

मी आणि नोरीन दर मंगळवारी इथल्या धर्मादाय दुकानात फुकट राबतो. डोंगराखालचं गाव, त्यामुळे आमच्याकडे माल अस्सल येतो. नवं घ्यायला तीनशे पौंड पडतील असं जॅकेट पंचविसात मिळतं. लांबून आलेल्या लोकांना घबाड मिळाल्यासारखं वाटतं. इतकं चांगलं जॅकेट कुणी का देऊन टाकलं असेल, हे कुणी विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही.

एखादं कापड एका दुकानात खपलं नाही की दोन आठवड्यांनी ते आमच्या संस्थेच्या दुसऱ्या गावातल्या दुकानात पाठवतात. हे आम्हा दोघींना तोंडपाठ. तरी नोरीननं सगळं दिलं ते आमच्याच संस्थेच्या केंडलच्या दुकानात. दुःखात डोकं चालत नाही, दुसरं काय.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी मी केंडलहून आलेली गोणी उघडली, आणि वरच लाल जॅकेट. डाव्या कोपरावर गॉर्डननं लावलेलं काळ्या चिकटपट्टीचं ठिगळ. नोरीन आत चहा करत होती. तिनं हे बघायच्या आत ते लपवायला हवं होतं.

"अहो बाई, ते लाल जरा दाखवा की!" समोर एक पन्नाशीचा माणूस उभा. पातळ सदरा, पाठीवर पिशवी.

"ते नाही विकायचं. गळतं."

"बघू तर खरं." त्यानं माझ्या हातातून घेऊन चढवलंसुद्धा. मेल्याला अगदी बेतून शिवल्यासारखं बसलं. "पण राहू दे म्हणा. बाहेर काय झकास ऊन पडलंय! ब्लेन्काथ्रावर तर जायचंय, घामच येईल."

"तेच म्हणते मी. काढा, काढा."

"काढू नका," मागून आवाज आला.

नोरीन चहाचे दोन कप घेऊन दारात उभी होती. कप तिनं सावकाश टेबलावर ठेवले.

"खोटं बोलतेय ही. थेंब आत जायचा नाही त्यातून. आणि खालचं ऊन बघून वर जाऊ नका. वर वारा हाडं फोडतो."

"अहो, पण चिठ्ठीवर पंचवीस पौंड—"

"दहा द्या. नसतील तर तेही नको."

ती त्याच्याजवळ गेली आणि चेन वर ओढू लागली. "इथे अडकते ती. आधी थोडी खाली घ्यायची, मग वर." हनुवटीपर्यंत चेन लावून तिनं कॉलर सारखी केली. तो बिचारा लाजला.

"माझी आई पण एवढं करत नाही हो!"

"करायला हवं," नोरीन म्हणाली.

दहाची नोट ठेवून तो गेला. रस्त्याच्या टोकाला वळेपर्यंत ते लाल दिसत होतं, आणि ती बघत होती.

"माफ कर गं," मी म्हटलं. "तुझ्या नजरेला पडू नये म्हणून लपवत होते. तुला त्रास झाला असता."

"त्रास!" ती खुर्चीत बसली. "हिल्डा, त्या सकाळी ते खुंटीवर होतं. मला स्वयंपाकघरातून दिसत होतं."

"विसरला असेल तो. तुझा काय दोष?"

"आमचं भांडण झालं होतं. मुलीकडे जायचं सोडून डोंगरावर निघाला म्हणून. तो फाटकापाशीच होता गं, एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी म्हटलं, जाऊ दे. चांगला गारठेल तेव्हा अक्कल येईल."