उकडीच्या परातीने पाहिलेली मतमोजणी

मी एक जुनी पितळी परात आहे. कडेला पोचे, तळाला चरे. पुण्याच्या तांबट आळीत मला ठोकून ठोकून गोल केलं आणि सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या एका सभासदाच्या सामानातून मी इकडे आले. मित्रांनो, माझी गोष्ट मोदकांची असली तरी गोड नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीत मोदकांची उकड माझ्यातच मळतात. बेडोकच्या भाड्याच्या हॉलमागे स्वयंपाकघर आहे, तिथे. मळायची सुलेखा. मूळची चंद्रपूरकडची, मरीन परेडच्या एका कोंडोत, म्हणजे बड्या सोसायटीत, शैलेंद्रसाहेबांच्या घरी कामाला. जोडीला वसुधा आणि सेंगकांगकडच्या घरकाम करणाऱ्या बायका. उकड गरम असतानाच मळावी लागते, म्हणून सुलेखाचे तळवे लालबुंद व्हायचे. बाहेर मंडळाचं कौतुक चालायचं. फोटोत मी असायचे, या बायका नसायच्या. जेवायला शेवटी बसायच्या, फुटके मोदक घेऊन.

शैलेंद्रसाहेब मंडळाचे अध्यक्ष. यंदा त्यांनी ठराव मांडला: दर रविवारी मंडळाचं जेवण, आणि रांधणार याच बायका. रविवार म्हणजे त्यांची एकुलती एक सुट्टी! हात वर करायची वेळ आली तेव्हा सुलेखाने विरोधात हात वर केला. स्वयंपाकघराच्या दारातून, पिठाने भरलेला.

"अगं, तुम्ही आपल्या घरच्याच," साहेब म्हणाले. "पण आत काम करणाऱ्यांचे हात मोजत नसतात."

हॉल हसला. शिकलेसवरलेले इंजिनिअर, मॅनेजर, सगळे हसले. ठराव मंजूर झाला. मला किळस आली.

गणेश चतुर्थीला आरतीची वेळ झाली आणि सुलेखाने गॅसच बंद केला. मला उचललं आणि लाटण्याने बडवायला लागली. ठण्! ठण्! बाकीच्या दारात फतकल मारून बसल्या. साहेब धावत आले.

"मोदक कुठेत?"

"आधी पुन्हा मतं घ्या. आमचे हात मोजा, मग वळतो."

"तमाशा बंद कर! तुझं इथलं कामाचं परमिट माझ्या सहीवर आहे, विसरू नकोस."

"नाही विसरले. तुमच्या चड्ड्या मी धुते, तेही नाही विसरले."

वसुधा फिस्सकन हसली.

साहेबांना वाटलं, आपण शहाणे. शेजारच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यावरून वाफाळते बाओ, म्हणजे सारण भरलेले चिनी पाव, मागवले. वरून चिमटलेले, दिसायला अगदी मोदक. ताट देवापुढे निघालं तेवढ्यात त्यांची मुलगी ऋचा किंचाळली, "पपा, कांट लाह! नाही चालणार! त्यात लार्ड आहे!"

डुकराची चरबी. भटजींनी नाक दाबलं. भुकेली पोरं रडायला लागली.

झक मारत पुन्हा मतं घेतली. स्वयंपाकघरातले सगळे हात विरोधात वर झाले आणि मोजले गेले. आधी ठरावाच्या बाजूने असलेल्या काहींचे हात या वेळी वर आलेच नाहीत. भुकेमुळे. लाज वाटून नव्हे. ठराव पडला. मग सुलेखाने मोदक वळले आणि साहेबांनी मिटक्या मारत खाल्ले.

त्याच आठवड्यात त्यांनी तिचं परमिट रद्द केलं. तिला चांगीला नेऊन विमानात बसवलं. मंडळात एकाने, एकानेसुद्धा, चकार शब्द काढला नाही. तिच्या हातचं खाऊन गप्प बसले. थू!

मला कपाटात कोंबलं. चिंचेने घासणारी गेली. मी हिरवी पडले.

पुढच्या सभेला वसुधाने मला बाहेर काढलं आणि तस्संच बडवलं. साहेबांनी रविवारच्या जेवणाचा तोच ठराव पुन्हा मांडला होता; विरोधातली मतं घ्यायची वेळ आली तेव्हा तिने दोन्ही हात वर केले.

"एकच हात!" साहेब ओरडले.

"एक माझा. एक सुलेखाचा."

"ती इथे नाहीये."

"का नाहीये? सांगा ना सगळ्यांना!"

हॉलमध्ये सगळे आपापल्या मोबाईलमध्ये बघायला लागले.

मित्रांनो, मला घासा किंवा राहू द्या, मी पितळ आहे. पण ज्या हातचं खाता, तो हात वर झाला तर मोजा. वसुधाने अजून हात खाली घेतलेले नाहीत. तिचे खांदे भरून आलेत. तिच्यामागे, स्वयंपाकघराच्या दारात, बाकीच्या बायकाही एकेक करून दोन्ही हात वर करू लागल्यात.