भट्टीतली पिवळी गोटी

सकाळी सुनेने भट्टी उघडली आणि बुचकळ्यात पडली. रात्रभर सावकाश निवायला तिने काचेच्या निळ्या गोट्या ठेवल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक पिवळी बसली होती. आत नारिंगी पीळ, तोही उलट्या दिशेने फिरलेला.

उलटा पीळ तिचा नवरा घालायचा, कारण तो डावखुरा. पण हात थरथरू लागल्यापासून त्याने बर्नर पेटवलाच नव्हता. ती किती विनवायची, तो कामाच्या खोलीत पाऊल टाकत नसे.

नवरा स्वयंपाकघरात चहा गाळत होता.

"अहो, चोरून काम सुरू केलंत, आणि मला पत्ता नाही?"

त्याने तिच्या हातातली गोटी घेऊन उजेडात धरली. चेहरा खुलला, मग पडला. "मी नाही केली. तूच केलीस. मला बरं वाटावं म्हणून."

"मी? कशाला?"

"मग काय भुताने केली?"

तिला वाटलं, हा लपवतोय. त्याला वाटलं, ही कीव करतेय. चहा तसाच गार होत होता.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "माझी पिवळी निघाली का धड?"

दोघे बघतच राहिले.

"आई, तुम्ही केलीत?"

"काल गोट्या भट्टीत ठेवून तू बाजारात गेलीस, हा झोपला होता. बसले."

"पण शिकलात कधी?"

"रोज तू काम करताना तिथे बसून भाजी निवडते, डोळे मिटून नाही. कांडी फिरायची थांबली की काच ओघळते, एवढं कळतं. आधीच्या ओघळल्याच, दिल्या टाकून."

"तुम्ही तर या कामाला पोरखेळ म्हणता!"

"अजूनही म्हणते."

सून चक्रावली. नवऱ्याने विचारलं, "कांडी कुठल्या हाताने फिरवलीस?"

"पळी धरते त्याच." त्यांनी डावा हात वर केला.

तो हसला. हसता हसता डोळे भरून आले आणि तो उठून गेला. सासूबाईही मागोमाग गेल्या. सुनेला काही सुधरेना. मग बर्नर भस्सकन पेटल्याचा आवाज आला, तशी ती धावली.

सासूबाई तिच्या खुर्चीत बसल्या होत्या. नवरा मागे, हात पाठीशी बांधून. "आई, ज्योतीत इतकी खुपसू नकोस, जरा लांब धर. फिरव, फिरव."

याच आवाजात त्याने सुनेलाही शिकवलं होतं. किती दिवसांनी तो कानावर पडत होता! तिला आनंद झाला, आणि थोडं लागलंही. आपण बोलावलं तेव्हा हा का नाही आला? हसावं की रुसावं, तिला कळेना.

शेवटी तिने आपला काळा चष्मा पुढे केला. "आधी हा घाला, आई."

"दिसतंय मला," सासूबाई वळून म्हणाल्या, आणि काच ओघळली.

"तू मध्ये बोललीस म्हणून!" नवरा ओरडला.

"आणि तुम्ही गप्प होतात?"

"दोघेही गप्प बसा," म्हणत सासूबाईंनी चष्मा चढवला आणि नवी कांडी मागितली.