आठ वर्षं कुणाची

सभा दहाची होती, म्हणजे साडेबाराला सुरू होणार. आमदार ओयिदिया मात्र पावणेदहालाच शाळेच्या सभागृहात येऊन बसली. आठ वर्षं राजकारणात काढूनही वेळेवर पोचायची मास्तरणीची खोड गेली नव्हती, आणि त्यावरून दोन्ही गावं तिला हसत. उत्तरेकडच्या कोरड्या वाऱ्याने सगळ्या बाकांवर धूळ बसवली होती. तिने रुमालाने आपली खुर्ची पुसली, मग सवयीने शेजारच्या दोनही पुसल्या.

पुन्हा उभं राहायचं नाही, हे तिचं कधीच ठरलं होतं. एकसष्टी झाली होती, गुडघे दुखत होते आणि भाषण सुरू केलं की स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा येत होता. आता तिला फक्त घरी जायचं होतं. पण नुसतं जायचं नव्हतं, कुणीतरी न्यायला हवं होतं. त्या भागात पद संपवून आलेल्या माणसाला गाव वेशीवरून वाजतगाजत घरी नेतं. बायका पुढे नाचतात, वडीलधारे मनगटावर पांढऱ्या खडूची रेघ ओढतात आणि सगळ्यांदेखत सांगतात, ‘आमचं माणूस होतं, आमच्याकडे परत आलं.’ तिच्या आधीचा आमदार विधानसभेत आठ वर्षं झोपा काढून आला होता, तरी त्याच्यासाठी गावाने दोन बोकड कापले होते. ओयिदियाला बोकड नको होते. ते एक वाक्य हवं होतं. ते कुणी बोललं नाही, तर आपण आठ वर्षं नुसती गाडीत बसून धूळ खाल्ली, असं तिला मनापासून वाटत होतं.

अडचण एवढीच होती की तिला गावं दोन होती. सासर अमान्झे, माहेर उमुओरी. मधे एक ओढा. मतदारसंघात मोठी गावं ही दोनच, आणि आमदारकी त्यांच्यात आळीपाळीने फिरायची. दोन निवडणुका एका गावाच्या, पुढच्या दोन दुसऱ्याच्या. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लिहिलेल्या कायद्यांपेक्षा जास्त पाळलं जायचं. म्हणजे जे गाव तिला आपलं म्हणेल, त्याची पाळी झाली असं धरलं जाणार.

आठ वर्षांपूर्वी पाळी अमान्झेची होती आणि अमान्झेचे पुरुष दोन तट करून एकमेकांच्या उरावर बसले होते. ‘आम्ही नाही तर तेही नकोत,’ म्हणून शेवटी हेडमास्तरीणबाईंच्या नावावर एकमत झालं. नवरा जाऊन वर्षच झालेलं, बाई गरीब, चार दिवस गादी सांभाळेल, असा हिशेब. बाईने आठ वर्षं सांभाळली. त्या काळात विधानसभेने चार सभापती बदलले. एकाला तर सदस्यांनी खिडकीतून पळवून लावलं, तेव्हा ओयिदिया टेबलाखाली बसून शाळेतल्या पोरांना देवाचं नाव घ्यायला लावायची तसं स्वतः घेत होती. विधवांना नवऱ्याच्या घरातून काढायचं नाही, असा एक कायदा तिने रेटून मंजूर करून घेतला, आणि राज्यपालांनी त्यावर सही करायला चौदा महिने लावले. तीन बोअर मारले, त्यातला एक कोरडा निघाला. लोक अर्थातच त्याच एकाबद्दल बोलत. आणि दर शनिवारी मयत, कारण तिकडे पुरायचा दिवस शनिवारच. दोन्ही गावांत कुणी ना कुणी असायचंच. आमदार आली नाही, तर प्रेताचाही अपमान झाला असं घरच्यांना वाटायचं.

बारा वाजून गेल्यावर लोक जमले. मध्यस्थ म्हणून पलीकडच्या लहान गावचे म्हातारे इरोएग्बू आले. त्यांनी सभेच्या मानाचं कोलाचं फळ फोडलं, आशीर्वाद म्हटले आणि ताटली पुरुषांमधून फिरायला लागली. आमदाराच्या हातात ती सर्वांत शेवटी आली, तेव्हा तिच्यात एक बारकं खांड उरलं होतं. ओयिदियाने ते निमूट चघळलं.

पहिला उठला ओन्येमा, तिचा धाकटा दीर. अमान्झेकडून आमदारकीला आता त्याचंच नाव होतं, आणि पोस्टरही छापून झाली होती.

“वहिनींबद्दल मला आदर आहे,” तो म्हणाला. (हे वाक्य ऐकताच ओयिदिया सावरून बसली. आदराने सुरू होणारी भाषणं तिने पुष्कळ ऐकली होती.) “पण खरं ते बोलायला पाहिजे. वहिनी उमुओरीची लेक. तिकडची माणसं तिला अजून ‘आमची लेक’ म्हणूनच हाक मारतात. डांबरी रस्ता कुठनं सुरू झाला? उमुओरीकडनं! ओढ्यापाशी येऊन थांबला. मग आठ वर्षं खाल्ली कुणी? उमुओरीने. आता पाळी आमची.”

“अरे वा रे वा!” उमुओरीच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं. “मतं मागताना हिलाच ना ‘आमची सून, आमची सून’ करत फिरत होतात?”

“तेव्हाचं तेव्हा!”

मग चिमेझिये उठला. ओयिदियाचा सख्खा भाऊ. लहानपणी तिच्या पाठीला बांधलेला असायचा, आता पोट सावरत उभा राहिला. उमुओरीकडून त्याचं नाव होतं.

तो काही वेगळं बोलेल, असं तिला वाटलं. बहीणच ती, वाटणारच.

“ताई माझी आहे,” तो म्हणाला, “पण ताई आमच्या गावची नाही. पस्तीस वर्षांपूर्वी या लोकांनी ताडीचे घडे आणले, आमच्या बापाने ते प्यायले, मुलगी दिली. संपलं! दिलेली वस्तू परत मोजतात का? मतपत्रिकेवर आडनाव कुणाचं होतं? अमान्झेचं. आठ वर्षं त्यांची झाली. आता आमची.”

“वस्तू?” ओयिदिया म्हणाली.

“बोलण्याच्या ओघात गं, ताई. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

“नाही लावत. तू पुढे बोल.”

पुढे सगळेच एकदम बोलायला लागले. ती कुणाची नाही हे सिद्ध करायला दोन्ही गावांनी असा जोर लावला, की तेवढा जोर तिच्या प्रचारात कधी लागला नव्हता. अमान्झेवाल्यांनी सांगितलं की ती सुपारीएवढ्या गोष्टीसाठी माहेरी पळायची. उमुओरीवाल्यांनी सांगितलं की आईच्या मयतालाही ती सासरच्या बायकांच्या रांगेत उभी होती. दोन्ही खरं होतं. ओयिदिया ऐकत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण रागाला लागते तेवढीही ताकद अंगात उरली नव्हती. वाईट मात्र वाटत होतं, अगदी लहान मुलीसारखं वाटत होतं.

अडीचच्या सुमाराला इरोएग्बूंनी काठी आपटली.

“ऐका. भांडून पोटं भरणार नाहीत. मी तोड सांगतो. ही आठ वर्षं कुणाचीच धरायची नाहीत. मोजणीतून काढून टाकायची. जणू झालीच नाहीत. नव्याने नाणं उडवा, ज्याचा कौल पडेल त्याची पहिली पाळी.”

मग आधी अमान्झेच्या आणि लगोलग उमुओरीच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. सभा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोन्ही गावं एका सुरात टाळ्या वाजवत होती. ओन्येमाने चिमेझियेला मिठी मारली.

“बाबा,” ओयिदियाने विचारलं, “मग मला घरी कोण नेणार?”

इरोएग्बूंनी घसा खाकरला. “बाई, ते नंतर पाहू. आधी सलोखा तर होऊ दे. तुम्ही समजूतदार आहात.”

समजूतदार. आठ वर्षांत हा शब्द तिने एवढ्या वेळा ऐकला होता, की तो कानावर पडला की आता काहीतरी सोडून द्यावं लागणार, हे तिला कळायचं.

शाळेचे मास्तर सभेचे चिटणीस होते. त्यांनी ठराव सुवाच्य अक्षरात लिहून काढला, नाणं उडवायच्या आधी दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या आणि कागद तिच्यापुढे ठेवला. “साक्षीदार म्हणून तुम्ही, मॅडम. विद्यमान आमदार आहात, वजन येईल.”

तिने चष्मा लावला. ‘मागील आठ वर्षे कोणत्याही गावाची गणली जाणार नाहीत.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तिने नाव लिहिलं, सही केली आणि पेन ठेवलं.

मास्तरांनी कागद उचलला, पाहिला आणि परत ठेवला. “मॅडम, गावाची जागा राहिली.”

“राहू दे.”

“नाही चालायचं. साक्षीदार कुठला ते लागतंच.”

“उमुओरी लिहा, वहिनी,” ओन्येमा पटकन म्हणाला.

“का म्हणून? अमान्झे लिही, ताई,” चिमेझिये म्हणाला. “घर तिथेच आहे ना तुझं?”

“घर असलं म्हणून काय झालं? रक्त कुठलं?”

मिठीतले हात सुटले. बाक पुन्हा करकरले. मास्तर कागद दोन्ही हातांनी दाबून धरून उभे राहिले, फाटू नये म्हणून.

ओयिदिया उठली. गुडघ्यातून कळ आली, तशी ती टेबलाला धरून जरा थांबली. मग तिने पेन उचललं आणि टेबलाच्या मधोमध आडवं ठेवलं, दोघांनाही सारखंच जवळ पडेल असं.

“माझ्याने आता लिहवत नाही,” ती म्हणाली. “मी थकले. तुमच्यापैकी कुणीही लिहा. जे गाव लिहाल, ते मला मान्य. त्या गावाने उद्या वेशीवर यायचं, एवढंच. ढोल नसले तरी चालतील.”

ओन्येमाने पेनाकडे पाहिलं, मग चिमेझियेकडे. चिमेझिये खिशात रुमाल शोधायला लागला. इरोएग्बू काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून जमिनीकडे बघत राहिले.

ती लगेच निघाली नाही. पर्स काखेत धरून टेबलापाशी उभी राहिली, चांगली पाच मिनिटं. एवढं सगळं ऐकूनही, दोघांपैकी एकजण हात पुढे करेल असं तिला अजून वाटत होतं.