एका टोपलीला एक हात

"ती नको, बाय. दुसरं काय पण घे."

स्टुलावर चढलेल्या भाविकाचा हात वाशाला टांगलेल्या टोपलीपर्यंत पोचला होता, तो तिथेच थांबला. गुणाजी अंगणात जवळा वाळत घालत होता. त्याची पाठ पडवीकडे होती, पण स्टूल ओढल्याच्या आवाजावरूनच त्याने ओळखलं होतं, पोर कुठे हात घालणार ते.

दुसरी टोपली भाविकाला चालली असती, पण दुसरी होती कुठे? दोन वर्षांपूर्वी गुणाजीने समुद्रावर जाणं सोडलं, तेव्हा गळाची लांब दोरी फेऱ्यावर फेरा घालून भरायच्या सात टोपल्या त्याने भावकीतल्या दादूला देऊन टाकल्या. आठवी तेवढी ठेवली. का ठेवली, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. भाविका तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात होती. सुट्टीत यायची, टोपली तिथे टांगलेली दिसायची, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दापोलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तिला शिकवून दाखवायचं होतं. समोर नवखी मुलं बसणार, मागच्या बाकावर क्लासचे सर, आणि पंधरा मिनिटांत निकाल. मागच्या महिन्यात चिपळूणला तिने असंच शिकवून दाखवलं होतं. पुस्तकातलं सगळं बिनचूक सांगितलं. मुलं जांभया देत राहिली, आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी तिच्याकडे बघून कीव आल्यासारखी हसली. ते हसू भाविका हर्णेला, घरापर्यंत घेऊन आली होती.

दापोलीत जमलं तर ती घरून जाऊन-येऊन करणार होती. नाही जमलं तर मुंबईला मावशीकडे. घरात एकच मूल उरलेलं. त्यामुळे उद्याची धाकधूक तिच्याहून म्हाताऱ्या आईबापांना जास्त होती.

"तुला टोपली कशाला गो लागते कॉम्प्युटरात?" गुणाजीने हात झटकत विचारलं.

भाविका खाली उतरली आणि जवळ्याच्या कडेला उकिडवी बसून त्याला सांगू लागली. कॉम्प्युटरात माहिती ठेवायच्या काही रीती असतात. एक रीत म्हणजे ओळीने मांडलेले, नंबर घातलेले क्रेट. पाचवा हवा तर थेट पाचव्याला हात. त्याला अ‍ॅरे म्हणायचं. दुसरी रीत बंदरावर लागणाऱ्या होड्यांची. जी आधी लागली तिचा माल आधी उतरणार, मागची मागे. तो क्यू. गुणाजी मान हलवत होता. चाळिशीला आल्यावर मुलांच्याच पुस्तकातून तो अक्षरं शिकला होता, त्यामुळे मुलं शिकवायला बसली की तो गुपचूप ऐकायचा.

"आणि एक असतो स्टॅक. जे शेवटी ठेवलं ते पहिलं निघतं. जे पहिलं ठेवलं ते सगळ्यात शेवटी."

"मग ती आपली गळाची टोपलीच की."

"तेच तर सांगतेय मी."

चाळीस वर्षं आपण जे करत आलो त्याला कॉलेजात नाव आहे, हे ऐकून गुणाजीला घटकाभर बरं वाटलं. मग त्याने विचारलं, मधलाच फेरा पाहिजे असला, तळाचा पाहिजे असला, तर? भाविका म्हणाली, मिळत नाही. वरचं सगळं काढल्याशिवाय तळाला हात जात नाही.

गुणाजी पुन्हा जवळा पसरू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "जेवायची ताटं ने. एकावर एक रचून दाखव. तसंच होतंय ते."

"सहा जण येणार आहेत शिकवून दाखवायला, बाबा. सहाच्या सहा जण ताटंच दाखवणार. पुस्तकात ताटंच दिलीत."

आत यमुनाबाई तांदूळ निवडत होती. सुपावरचा तिचा हात कधीचा थांबला होता. "द्या तिला," ती आतूनच म्हणाली. "ती पण गेली मुंबईला म्हणजे टोपलीकडे बघत बसाल काय?"

पिंपावर जाऊन गुणाजीने हात धुतले, पंच्याला पुसले, आणि स्वतः स्टुलावर चढून टोपली खाली घेतली. लहान मूल उतरवून घ्यावं तशी, दोन्ही हातांनी. पडवीत ठेवली आणि शेजारी बसला.

टोपली भरायची त्यांची एक रीत होती. ज्याने भरायला घेतली त्यानेच ती पुरी करायची. एकाचा फेरा दुसऱ्याच्या फेऱ्यावर नीट बसत नाही. पाण्यात सोडताना त्या जोडावर पीळ पडतो, दोरी गुंतते, आणि कोणाच्या तरी हातात गळ घुसतो. एका टोपलीला एकच हात, हे गुणाजीला त्याच्या बापाने सांगितलं होतं आणि त्याने आपल्या मुलाला, दीपेशला. त्यातून दीपेश डावखुरा. सगळी होडी उजवीकडून फेरा घालायची, हा डावीकडून. गुणाजी त्याला कितीदा ओरडला, लहानपणी हातावर फटकेही दिले, पण हात काही वळला नाही. मग चिडवायचा, "डावऱ्या, तुझी टोपली सोडायला तुलाच यायला पायजे." दीपेश म्हणायचा, "येईन की."

भाविका सराव करू लागली. समोर मुलं बसली आहेत असं धरून मोठ्याने बोलत होती. आत टाकणं म्हणजे पुश, वरून काढणं म्हणजे पॉप. दोरी नवी होती, गळ अजून बांधायचे राहिले होते, त्यामुळे भीती नव्हती. एक पॉप, दुसरा पॉप. फेरे सरसर सुटत होते आणि तिचा आवाजही मोकळा होत होता. निम्मी टोपली झाली असेल नसेल, तोच दोरीला हिसका बसला. पीळ पडला होता. खालचे फेरे दुसऱ्या अंगाने जात होते.

"बाबा, इथं उलटं कसं काय..."

डावीकडून फेरा घालणारा घरात एकच होता.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी दीपेश इथेच, याच जागी बसून ही टोपली भरत होता. निम्म्यावर उठला. अंग मोडून आलंय म्हणाला, जरा पडतो, उठलो की पुरी करतो. संध्याकाळी त्याचे डोळे पिवळे दिसले. दापोलीला नेला, तिथून रत्नागिरीला. नवव्या दिवशी गुणाजी एकटाच परत आला. तेरावं झाल्यावर पडवीत बसून त्याने राहिलेली दोरी आपल्या हाताने वर भरली. उघडी राहिली तर उंदीर कुरतडतील, असं यमुनाबाईला सांगितलं. जन्मभर पाळलेली रीत तेवढी एकदाच मोडली.

भाविकाने दोरी हळूच खाली ठेवली. "मी ताटंच नेते."

"बस." गुणाजीने टोपली आपल्याकडे ओढली. "वरचं निघालं ना आता. तू काढू नको, मी काढतो."

त्याने पीळ सोडवला आणि तो काढू लागला. एकेक फेरा, डाव्या अंगाने, घाई न करता. काढलेली दोरी मांडीवर घेत होता. यमुनाबाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात सूप तसंच होतं. अंगणात कावळा जवळ्यावर उतरला, पण त्याला कोणी हाकललं नाही. शेवटचा फेरा निघाला तेव्हा खाली बांबूची वीण दिसली आणि थोडी पांढरी वाळू.

गुणाजीने टोपलीत हात घालून तळ चाचपला.

"आता? आता आणखी काढायला गेलं तर?"

भाविकाने रिकाम्या टोपलीत वाकून पाहिलं. "चूक येते, बाबा. म्हणून काढायच्या आधी विचारायचं असतं, आत काही आहे का."

"आणि नसलं तर?"

"तर थांबायचं."

गुणाजीने हात बाहेर काढला. वाळू पंच्याला पुसली नाही, मुठीतच ठेवली. टोपली त्याने तिच्यापुढे सरकवली.

"भर आता. तुझ्या हाताने. आणि पुरी कर."

भाविकाने दोरीचं टोक घेतलं. पहिला फेरा तिने डावीकडून घातला. उजव्या हाताला ते जमत नव्हतं, फेरा वेडावाकडा पडला. दुसराही तिने डावीकडूनच घातला. गुणाजीने पाहिलं. या चुकीसाठी त्याने एका हातावर कितीदा फटके मारले होते. मांडीवरची दोरी मोकळी करत, तिला हवी तेवढी ढील देत, तो बसून राहिला.