धाकटीची चौकट

धाकटीचा धंदा असा, की नातेवाइकांना तो चार वेळा समजावून सांगावा आणि पाचव्यांदा त्यांनी विचारावं, म्हणजे तू फोटो काढतेस का? फोटो ती काढत नसे. फोटो बसवायच्या चौकटी करत असे, कॉम्प्युटरवर. जुन्या कागदासारखं दिसणारं एक पान, त्यावर रिबन, कोपऱ्यात नक्षी आणि मधे फोटोंसाठी मोकळ्या खिडक्या. लोक ही टेम्प्लेटं विकत घेत, खिडक्यांत आपापले फोटो सरकवत आणि आल्बम छापून घेत. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी परतली, तेव्हापासून मागच्या खोलीत हेच चाललं होतं. परक्यांच्या सुखी कुटुंबांना मापाच्या चौकटी पुरवायच्या आणि जेवायला हाक आली की उठायचं.

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हटल्यावर आल्बमचं काम अर्थातच तिच्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, तिनंच ओढून घेतलं. पिवळे पडलेले फोटो स्कॅन केले, डाग पुसले. बाबांच्या तरुणपणच्या मिशीवर तर तिनं एक अख्खी दुपार घालवली. शेवटचं पान होतं 'आमचं घर'. मधे आईबाबा, एकीकडे दादा-वहिनी, दुसरीकडे ताई आणि तिचे यजमान, आणि खाली ती. इथे गाडी अडली. तिचे बरे फोटो होते ते सगळे लग्नानंतरचे, आणि त्यांतून नवऱ्याला कापलं तरी तिच्या खांद्यावर त्याचा हात तेवढा उरायचा. शेवटी खिडकीपाशी खुर्ची ओढून तिनं स्वतःचा नवा फोटो काढला. एकटीचा, हसरा. त्याला इतरांएवढीच चौकट दिली, तसूभरही लहान नाही. ते पान बघताना तिला वाटलं, आपण या घरातल्या आहोत, नुसत्या येऊन राहिलेल्या नाही. सगळ्या गोतावळ्यासमोर हे पान उघडलं, की मग कुणाला वेगळं काही सांगावं लागणार नव्हतं.

गिऱ्हाइकाला फाइल देताना ती डोळ्यांत तेल घालून सगळे लेयर एकजीव करून देई. लेयर सुटे राहिले, म्हणजे एकावर एक घातलेल्या चादरींसारखे राहिले, की कुणीही हवा तो झाकावा आणि हवा तो वर आणावा. पण आल्बम छापायला वहिनी नेणार होती. ऐनवेळी एखादं नाव दुरुस्त करावं लागलं तर, म्हणून धाकटीनं फाइल सुटीच दिली. घरच्या माणसांपासून कसली कुलपं लावायची. वहिनीला हे सगळं शिकवलंही तिनंच होतं, मोठ्या हौसेनं.

समारंभाच्या दिवशी हॉलमध्ये आत्यानं आल्बम मांडीवर घेतला आणि भोवती बायकांचा घोळका जमला. मिशीला हशा मिळाला. शेवटचं पान उलटलं, आणि धाकटीच्या चौकटीत धाकटी नव्हती. तिथे पांढऱ्या फुलांचा गुच्छ होता. फुलं तिनंच कधीतरी कॉम्प्युटरवर विकण्यासाठी रंगवलेली. वहिनीनं त्यांची सावलीसुद्धा योग्य बाजूला पाडली होती, शिकवणी काही वाया गेली नव्हती. फुलं किती गोड बसलीत, असं आत्या म्हणाली आणि तिनं आल्बम पुढे दिला.

धाकटीनं वहिनीला हॉलमागच्या खोलीत गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलली. वहिनी कप पुसत राहिली. तेवढ्यात आई आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"तिला कशाला बोलतेस? मीच सांगितलं तिला."

सगळे जोडीनं आणि खाली तू एकटी, ते बरं दिसत नव्हतं, असं आई म्हणाली. जो तो धाकट्या जावयाचं विचारणार. आजच्या दिवशी तरी आईला उत्तरं देत बसायचं नव्हतं. हे ती रागानं म्हणत नव्हती, भाजी निवडता निवडता बोलावं तसं बोलत होती, आणि धाकटीला तेच जास्त लागलं. रागावलेल्या आईशी भांडता तरी आलं असतं.

तिचा चेहरा बघून आई जवळ आली. पाठीवरून हात फिरवला.

"अगं, काढून नाही टाकलं तुला. वहिनी म्हणाली, फोटो तिथेच असतो, वरून नुसता झाकायचा."

"कॉम्प्युटरवर असतो, आई. छापल्यावर खाली काही नसतं."

आईला ते कळलं नसावं, किंवा कळलंही असावं. तिनं रुमालानं धाकटीचे डोळे पुसले. बाहेर फोटोग्राफर घरच्यांना एकत्र उभं करत होता, हाका येत होत्या.

"तू थांब जरा इथे," आई म्हणाली. "चेहरा नीट झाला की ये."

वहिनीनं हातातला कप ठेवला आणि ती आईच्या मागून गेली. बाहेर फोटोग्राफरनं विचारलं, घरचे सगळे आले ना? आईनं हो म्हणून सांगितलं.