मीठ मी घालीन

सुनेनं फ्रिजमधला वाडगाही इतर भांड्यांबरोबर खसाखसा घासून पालथा घातला, आणि मग तिच्या लक्षात आलं. त्यात सासूबाईंनी ठेवलेला पळीभर रस्सा होता!

तीस वर्षं सासूबाई कालचा एक पळी रस्सा आजच्यात मिसळत आल्या होत्या. खाणावळीतली गिऱ्हाइकं त्याला ग्रेव्ही म्हणत, नुसती वाटीभर मागून भुरकत. "ग्रेव्ही म्हटलं की जास्त मुरतो वाटतं!" सासूबाई फणकारत, पण वाटी भरून देत.

त्यांना जाऊन आठवडा झाला होता. त्यांचा लेक तेव्हापासून नुसत्या चहावर होता. आज खाणावळ उघडायची म्हणून सकाळीच बायकोला म्हणाला होता,

"आईची शेवटची पळी फ्रिजमध्ये आहे ना? तिचाच रस्सा कर. जेवेन मी."

आता त्याला काय सांगणार, कप्पाळ? तिनं कांदा परतला, वाटण घातलं, रस्सा उकळत ठेवला आणि टेबलं पुसायला बाहेर आली. नवरा बाहेरच बसला होता, भिंतीकडे बघत.

रस्सा झाल्यावर तिनं वाटी भरून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं पाव बुडवून घास घेतला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"आईचाच हात गं!"

तिचा जीव भांड्यात पडला. त्यानं तीन वाट्या संपवल्या.

"मीठसुद्धा अगदी तिच्यासारखं. चिमूटभर जास्तच."

मीठ? ती उठून आत गेली. रश्शात मीठ तिनं घातलंच नव्हतं. आजच काय, लग्न होऊन आल्यापासून बारा वर्षांत कधीच नाही. "मीठ मी घालीन," हा सासूबाईंचा कायदा. आजही ती सवयीनं विसरली होती.

तिनं बोट बुडवून चाटलं. खारट होतं. मिठाच्या बरणीचं झाकण ओट्यावर उघडं पडलं होतं. सासूबाई ते कधीच लावत नसत, त्यावरून दोघींचं रोज वाजायचं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं विचारलं,

"कालची पळी ठेवलीस ना?"

"ठेवली."

रस्सा उकळला तशी तिनं बरणी शेगडीजवळ सरकवली आणि झाकण स्वतःच काढून ठेवलं.

"घाला आई," ती पुटपुटली, "पण जरा बेतानं हं."

बाहेर येऊन तिनं दार ओढून घेतलं. आतलं काही ऐकू येऊ नये म्हणून टेबलं पुसता पुसता ती जरा मोठ्यानंच गुणगुणत राहिली.