हौशी गट

सुमेधाने कस्तुरीचा पुढचा पाय दुमडून आपल्या मांडीवर घेतला आणि खुरातली माती खरवडून काढली. नाल कडेला पार झिजला होता. एका खिळ्याचं डोकं तर उरलंच नव्हतं.

"नालबंदाला सांगू का, ताई?" सोमाने विचारलं. तो पेठ तालुक्याकडचा. क्लबातल्या सगळ्या घोड्यांचं दाणापाणी तोच बघायचा. "परवा येनार हाय तो."

"पुढच्या खेपेला सांग. अजून चालेल."

सोमा घोडीच्या पाठीवरून खरारा फिरवू लागला. मागच्या खेपेलाही ती हेच म्हणाली होती.

तिने पाय खाली ठेवला, हात सलवारीला पुसले आणि घोडीच्या मानेवर थाप दिली. कस्तुरी शर्यतीतून बाद झालेली. लग्नाआधी, पहिल्या नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून सुमेधाने तिला पुण्याहून आणलं, तेव्हा घरचे हसले होते. पण त्या वेळी पोरीच्या पगारात एक घोडी पोसणं अशक्य नव्हतं. सातपूरच्या कारखान्यात नकाशे काढून झाले की संध्याकाळी मैदानावर यायचं, हिवाळ्यात पुण्याच्या घोडेउड्यांच्या स्पर्धेला जायचं, असं ठरून गेलेलं.

मग गंगापूर रोडला मैदानाच्या चहूबाजूंनी प्लॉट पडले आणि क्लबने भाडं वाढवलं. घासाचा भाव चढला, ओट्सचा त्याहून चढला. घरात गॅस, तेल, स्वरदाच्या शाळेची रिक्षा. सुमेधाने आधी शिकवणारे कॅप्टन बंद केले, मग स्कूटर घरी ठेवून बसने यायला लागली. ओट्समध्ये कोंडा जास्त पडू लागला. उड्या कमी झाल्या, कारण उडी मारली की नाल झिजतो, पाय सुजतो आणि डॉक्टर येतो. दोन हिवाळे ती पुण्याला गेली नव्हती. विकावं म्हटलं, तर बारा वर्षांची घोडी घेणार कोण? पंचवटीतले वरातीवाले तेवढे दोनदा विचारून गेले होते.

त्या दिवशी ती खोगिराचा तंग आवळत असताना जीप येऊन थांबली. किशोर बोरस्ते उतरले, मागून त्यांची मुलगी तृप्ती. बोरस्त्यांच्या पिंपळगावला द्राक्षबागा होत्या, आणि दोन वर्षांपासून माल परदेशी जात होता. तृप्ती चौदा वर्षांची, सडपातळ, कमी बोलणारी. आल्या आल्या ती कस्तुरीच्या नाकाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, हिला तुमच्याकडेच शिकायचंय," बोरस्ते म्हणाले. "त्या क्लबच्या मास्तरला ती घाबरते. तुम्ही शिकवा, तुमच्याच घोडीवर. दर महिन्याला मी पाकीट देईन. आकडा तुम्ही सांगायचा."

सुमेधाने तंगाची पट्टी एका भोकाने पुढे ओढली, मग पुन्हा मागे घेतली.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला तिने देवव्रतला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवायचा आणि घोडीबद्दल कधी वाकडा शब्द बोलला नव्हता. त्याच्या न बोलण्याचंच तिला अलीकडे ओझं वाटायचं.

"मग घे की," तो म्हणाला. "त्यात विचार कसला?"

"पैसे घेऊन शिकवलं, तर हौशी गटात उतरता येत नाही."

"दुसऱ्या गटात उतर."

"दुसऱ्या गटात लष्करातले असतात, पोलिसातले असतात. त्यांची नोकरीच ती. मी संध्याकाळी तासभर बसणार आणि त्यांच्याशी लढणार?"

देवव्रतने ताटातली पोळी उगाच दोनदा घडी केली. "म्हणजे पैसे घेतलेस तर स्पर्धा नाही. आणि नाही घेतलेस तर..."

"तर घोडीच नाही," सुमेधा म्हणाली आणि स्वरदाच्या ताटात भात वाढायला वळली.

दुसऱ्या आठवड्यापासून तृप्ती येऊ लागली.

मुलीचे हात चांगले होते. लगाम ओढायची नाही, नुसता धरून ठेवायची. कस्तुरीला ते आवडलं. सुमेधा मैदानाच्या मध्यभागी उभी राहून ओरडायची, "टाच खाली! मान वर! तिच्याकडे नको, पुढे बघ!" तृप्ती उतरली की स्वतः अर्धा तास बसायची. महिनाअखेरीस बोरस्ते जीपच्या खिडकीतून पाकीट द्यायचे, हसून, दुसरीकडे बघत, जणू बागेतली द्राक्षं देताहेत. कोंडा कमी झाला. नालबंद वेळेवर आला. कस्तुरीच्या पाठीवर पुन्हा चमक दिसायला लागली, आणि दिवाळीनंतर सुमेधाने उड्यांच्या अडथळ्यांचे दांडे वर चढवायला सांगितले तेव्हा सोमा स्वतःशीच हसला.

पुण्याला जायचं बोरस्त्यांनीच काढलं. तृप्तीला लहानांच्या गटात उतरवायचं होतं. ट्रक त्यांचाच. "घोडी जाणारच आहे, मग तुम्हीही उतरा," ते म्हणाले. "दोघींचं होऊन जाईल."

सुमेधाने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण शब्द आला तो, "बरं."

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर दव होतं. नावनोंदणीच्या मांडवात एक निवृत्त कर्नल बसले होते, पांढऱ्या मिशांचे, सभ्य. त्यांनी सुमेधाचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"हौशी गट. घोडेस्वारीतून काही मिळकत? शिकवणं वगैरे?"

ते सगळ्यांनाच विचारत होते. मागे तृप्ती उभी होती, हातात टोपी घेऊन.

"छे हो, सर!" बोरस्ते पुढे झाले. "माझ्या पोरीला त्या शिकवतात, पण एक पैसा घेत नाहीत. घरच्यासारखं आहे आमचं."

कर्नल हसले. "असे लोक हल्ली राहिले नाहीत," ते म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

सुमेधा वळली. तृप्ती तिच्याकडे पाहत होती. मग तिने नजर खाली वळवली आणि टोपीचा पट्टा चाचपू लागली.

दुपारी सुमेधा मैदानात उतरली. पहिल्या उडीपर्यंत तिला सगळं आठवत होतं: मांडव, कर्नल, पोरीचे डोळे. कस्तुरीने कान पुढे टाकले, जमीन सोडली आणि सुमेधाच्या डोक्यातलं सारं खाली राहिलं. भिंत झाली, पाण्याचा खंदक झाला, जोडउडी झाली. एकही दांडा पडला नाही. तिचा दुसरा नंबर आला. खाली उतरल्यावर ती घोडीच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ उभी राहिली, आणि बोरस्त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले.

जानेवारी संपला, पाकीट आलं नाही. विसरले असतील, असं तिने धरलं. द्राक्षांचा हंगाम होता. फेब्रुवारीही संपला. ओट्सवाल्याने सोमाकडे निरोप पाठवला.

मार्चच्या पहिल्या शनिवारी ती जीपपाशी गेली. बोरस्ते कुणाशी तरी मोबाइलवर कंटेनरबद्दल बोलत होते. ती थांबली.

"बोला, मॅडम."

"ते... दोन महिने झाले, भाऊ."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला.

"अहो, पण पुण्यात मी चार लोकांदेखत शब्द दिलाय तुमच्यासाठी. आता पाकीट दिलं-घेतलं आणि उद्या कुणी बोललं, तर नाव तुमचं जाईल. माझं काय, मी बागाईतदार माणूस." ते खरोखरच काळजीने बोलत होते. "तुम्ही खर्चाची चिंता सोडा. घास, ओट्स, नालबंद, सगळं मी परस्पर बघतो. उद्यापासून सोमाला सांगतो. आपलीच घोडी आहे."

सुमेधाने मान हलवली. नक्की कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. जीप धूळ उडवत निघून गेली.

मैदानात तृप्ती कस्तुरीवर बसून वाट बघत होती. घोडी तिच्याखाली शांत उभी होती.

"मॅडम," तिने हाक मारली, "आज किती उंच?"

सुमेधा चालत मध्यभागी गेली. "कालच्याइतकंच," ती म्हणाली. "टाच खाली. पुढे बघ."

तास संपला. तृप्ती उतरली, सोमाने लगाम धरला. उन्हं कलली होती, अजून अर्धा तास उजेड होता.

"रिकिबी लांब करू का, ताई? तुमी बसनार ना?"

सुमेधाने खोगिराकडे पाहिलं. पाय अडकवायच्या रिकिबी पोरीच्या मापाला आखडलेल्या होत्या.

"राहू दे तशाच," ती म्हणाली, आणि पाडलेले दांडे उचलायला गेली.